एसएसडी आत्ता घ्यायची का थांबायचं? मेव्हण्याला फोनवर जे सांगितलं तेच नीट लिहून काढलंय

परवा रात्री मेव्हण्याचा फोन आला. तो सांगलीत मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशेबाचं काम बघतो, दिवसभर टॅली आणि एक्सेल, आणि लॅपटॉप २०१८ चा, त्यात अजून कंपनीतनं आलेली हार्डडिस्कच आहे. सकाळी बटण दाबायचं, देवाला उदबत्ती लावायची, चहा सांगायचा, चहा पिऊन झाला की मग टॅली उघडतंय. म्हणाला, "दाजी, एसएसडी टाकायची म्हणतोय, पण भाव लई चढलेत म्हणं. दिवाळीपर्यंत थांबू का?" एसएसडी म्हणजे हार्डडिस्कच्या ऐवजी बसवायची, चिपवर चालणारी वेगवान डिस्क.

आता रोज हळदीचे सौदे बघणारा माणूस असंच विचारणार. सांगलीत भावाची वाट बघणं रक्तातच आहे, हरिपूरला जमिनीखाली पेवं खणून त्यात हळद ठेवायची आणि भाव आला की काढायची हे आमच्या आजोबांच्या पिढीनं बघितलंय, आणि आता बेदाणा कोल्ड स्टोरेजला ठेवून लोक तेच करतात. पण त्यात माल आपल्याकडं असतो आणि आपण विकणारे असतो. इथं आपण घेणारे, आणि जेवढे दिवस थांबू तेवढे दिवस रोज सकाळी त्या हळू लॅपटॉपपुढं बसायचं, हे भाड्यासारखं चालूच राहतंय. म्हणून मी त्याला म्हटलं, भावाचं शेवटी बघू, आधी तुझ्या मशीनला नक्की काय झालंय ते बघ. गेल्या काही महिन्यांत हाच प्रश्न अजून चार-पाच जणांनी विचारला, म्हणून सगळं एका जागी लिहितोय. यातलं काहीच माहीत नसलं तरी चालेल, क्रमानं करत जा.

आधी आत काय आहे ते बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये गेलं की डाव्या बाजूला डिस्क ० दिसेल आणि तिच्याखालीच एचडीडी (म्हणजे हार्डडिस्क) किंवा एसएसडी असं लिहिलेलं असतं. बऱ्याच जणांना आपल्या लॅपटॉपात आधीच एसएसडी आहे हेच माहीत नसतं, आणि ते दुसरी घ्यायला निघालेले असतात.

एचडीडी असेल तर आता एक करा, लॅपटॉप बंद करून परत चालू करा आणि लगेच हेच पान उघडून बसा. डिस्क १०० टक्क्यांवर चिकटून राहिली, पाच-दहा मिनिटं खाली येतच नाही, तर दुखणं तिथंच आहे. त्याच वेळी मेमरीचा, म्हणजे रॅमचा, आकडा पण बघा. ४ जीबी रॅम असेल आणि ती नव्वद टक्के भरलेली असेल तर विंडोज रॅममधलं सामान डिस्कवर ठेवायला लागतंय, आणि हार्डडिस्क असली की मग सगळंच अडकतं. अशा ठिकाणी एसएसडीनं बराच फरक पडतो पण पूर्ण समाधान होत नाही, रॅम पण वाढवावी लागते, आणि रॅमचे भाव सुद्धा चढलेलेच आहेत, त्यामुळं बजेट करताना दोन्ही धरा.

हार्डडिस्क एवढी हळू का, हे एकदा समजून घ्या कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच आहे. लॅपटॉपातली साधी हार्डडिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या मारते, म्हणजे सेकंदाला ९०, म्हणजे एका फेरीला साधारण ११ मिलिसेकंद. पाहिजे ती फाईल सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी जाते आणि सुई सरकायला वेगळा वेळ लागतो. विंडोज चालू होताना असल्या हजारो बारीक बारीक फाईली इकडनं तिकडनं वाचायच्या असतात, मग त्या मिलिसेकंदांची मिनिटं होतात. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, सगळं चिपमध्ये, एक फाईल शोधायला साधारण मिलिसेकंदाचा दहावा भाग. म्हणजे खरी उडी आहे ती हार्डडिस्कवरनं कुठल्याही एसएसडीवर येताना. साटा आणि एनव्हीएमई हे एसएसडी जोडायचे दोन प्रकार, साटा जुना आणि एनव्हीएमई नवीन. साध्या साटा एसएसडीचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास, तिसऱ्या पिढीच्या एनव्हीएमईचा ३५००, चौथ्या पिढीचा ७००० च्या घरात, हे आकडे खोक्यावर भारी दिसतात, पण टॅली, ब्राउझर, वर्ड असल्या कामात साटा आणि एनव्हीएमईतला फरक हाताला फार कळत नाही. रोज मोठमोठे व्हिडिओ कापत असाल तर कळेल. म्हणून "पाचवी पिढी स्वस्त झाली की घेऊ" असं म्हणून कुणी थांबलं असेल तर ते थांबणं सोडा, आपल्या कामाला त्याचा उपयोग नाही.

डिस्कची तब्येत

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाकून उघडा. निळं आणि गुड असं दिसलं तर ठीक. पिवळं कॉशन दिसलं, किंवा रीअलोकेटेड सेक्टर, पेंडिंग सेक्टर (डिस्कचे खराब झालेले किंवा होत आलेले भाग) या ओळींच्या शेवटच्या रकान्यात शून्याशिवाय काही दिसलं, किंवा डिस्कमधनं टक टक असा आवाज येतोय, तर मग आत्ता का नंतर हा प्रश्नच संपला. आजच डेटा दुसरीकडं काढून घ्या, आणि एसएसडी कितीही महाग असली तरी घ्या. डिस्क बंद पडल्यावर डेटा काढून देणारे जे पैसे सांगतात ते ऐकून माझ्या ओळखीतल्या एका क्लासवाल्या ताईंनी सहा वर्षांचे पेपर सोडून दिले होते. चार दिवस आधी टक टक ऐकू येत होती म्हणाल्या.

आता तुम्ही कुठल्या गटात ते ठरवा

विंडोज हार्डडिस्कवर चालतंय आणि मशीन रोजच्या कामाचं आहे, तर घ्या, थांबू नका. फक्त लागेल तेवढीच घ्या.

आधीच एसएसडी आहे पण भरत आलीय, तर थांबा. निदान आधी साफसफाई करा. डाउनलोड्स फोल्डर, रीसायकल बिन, व्हॉट्सॲपवरनं उतरलेले व्हिडिओ, जुन्या मोबाईलचे बॅकअप. सेटिंगमध्ये स्टोरेजच्या पानावर कुणी किती जागा खाल्लीय ते दिसतं. बऱ्याच वेळा एवढ्यानंच ४०-५० जीबी सुटतात.

एसएसडी आहे, जागा पण आहे, पण अजून वेगवान पाहिजे, तर नक्की थांबा. तुम्हाला जाणवणारा हळूपणा बहुतेक दुसऱ्या कशामुळं तरी आहे.

आणि एक अवघड गट आहे, मेव्हण्यासारखा. त्याच्या लॅपटॉपात सातव्या पिढीचा आय थ्री. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट आहेत पण ते पण १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. मग असल्या मशीनवर पैसे घालायचे का? मी त्याला घाल म्हटलं, कारण अडीच इंची साटा एसएसडी ही त्या लॅपटॉपाशी बांधलेली नसते, उद्या नवीन मशीन घेतलं तर हीच काढून दोन-चारशेच्या यूएसबी केसमध्ये टाकली की चांगली बाहेरची डिस्क होते. पैसे वाया जात नाहीत. पण दोन-तीन महिन्यांत नवीन लॅपटॉप घ्यायचं पक्कंच असेल तर मात्र जुन्यात काही घालू नका, कारण आता जवळपास सगळे नवीन लॅपटॉप एसएसडीच घेऊन येतात.

कुठली बसते

इथं चूक झाली की दुकानाच्या चकरा होतात. तीन प्रकार ध्यानात ठेवा. एक अडीच इंची साटा, पत्त्याच्या कॅटएवढी चपटी डबी, हार्डडिस्कच्याच जागी बसते. दुसरी एम डॉट टू आकाराची पण आतनं साटाच. तिसरी एम डॉट टू आकाराची एनव्हीएमई. दुसरी आणि तिसरी दिसायला सारख्याच, च्युइंगमच्या पट्टीसारख्या, २२ मिलिमीटर रुंद आणि बहुतेक ८० मिलिमीटर लांब, म्हणून खोक्यावर २२८० लिहिलेलं असतं. पिनांच्या बाजूला दोन खाचा असतील तर बहुतेक साटा, एक खाच असेल तर एनव्हीएमई, पण नुसत्या खाचेवर जाऊ नका, खोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. काही जुन्या लॅपटॉपांत एम डॉट टूची जागा असते पण ती फक्त साटाच घेते, त्यात एनव्हीएमई दिसतच नाही. आणि २०१५ च्या आधीच्या बऱ्याच डेस्कटॉप बोर्डांवर कार्ड लावून एनव्हीएमई बसवली तरी तिच्यावरनं विंडोज चालू होत नाही. असल्या मशीनला सरळ अडीच इंची साटा घ्या.

लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवरचं पूर्ण मॉडेल, अक्षरं आकडे सगळं, मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर दुकानदाराला तो फोटो दाखवा. डेस्कटॉप असेल तर साटा केबल आणि पॉवरची मोकळी पिन आहे का तेवढं बघा, केबल एसएसडीच्या खोक्यात येत नाही.

किती मोठी

सी ड्राइव्हवर सध्या किती भरलंय ते बघा, त्यात निम्मं अजून मिळवा, आणि त्याच्या वरचं जे माप मिळतं ते घ्या. पूर्ण भरलेली एसएसडी हळू होते म्हणून पंधरा-वीस टक्के मोकळं ठेवायचं. आणि ५०० जीबी घेतली की विंडोजमध्ये ४६५ दिसतात, १ टीबीचे ९३१, फसवलं असं समजू नका, कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

हिशेबाचं, ऑफिसचं, पोरांच्या अभ्यासाचं मशीन असेल तर २५० जीबीमध्ये पण भागतं, ५०० मध्ये निवांत. लग्नाचे फोटो, वाढदिवसाचे व्हिडिओ एसएसडीवर ठेवायची गरजच नाही, काढलेली जुनी हार्डडिस्क धडधाकट असेल तर ती त्या कामाला ठेवा. भाव चढलेले असताना माझा हाच आग्रह आहे, विंडोज आणि कामाची सॉफ्टवेअरं लहान एसएसडीवर, बाकीचं ओझं जुन्या डिस्कवर. "आहे तर १ टीबीच घेऊया" ही हौस भाव पडले की करा.

भावाचं काय

एसएसडीत असते ती फ्लॅश मेमरी. ती बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या जगात हाताच्या बोटावर मोजण्याइतक्या, सॅमसंग, एसके हायनिक्स, किओक्सिया, सॅनडिस्क, मायक्रॉन, आणि चीनची वायएमटीसी. त्यामुळं एकाला शिंक आली तरी बाजार हलतो. जून २०१९ मध्ये जपानमधल्या योक्काइचीच्या कारखान्यात फक्त १३ मिनिटं लाईट गेली, आपल्याकडं एवढ्या वेळात कुणी इन्व्हर्टर पण बघत नाही, पण तिथं चालू माल एवढा खराब झाला की पुढं कित्येक आठवडे उत्पादनाचं गणित बिघडलं. २०२२ च्या फेब्रुवारीत कच्च्या मालात भेसळ निघून परत तेच. आणि हार्डडिस्क सुद्धा यातनं सुटलेली नाही, २०११ ला थायलंडमध्ये पूर आला आणि तिकडचे कारखाने पाण्यात गेले तेव्हा जगभर हार्डडिस्क महागल्या होत्या.

२०२३ मध्ये उलटं झालं. माल जास्त, गिऱ्हाईक कमी, त्या वर्षाच्या मध्याला १ टीबीची साधी एनव्हीएमई चार हजाराच्या आसपास मिळत होती. मग कंपन्यांनी उत्पादनच कमी केलं आणि भाव परत वर आणले. आत्ताची चढ २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत सुरू झाली, एआयसाठी जी मोठमोठी डेटा सेंटरं उभी राहतायत ती रॅम आणि फ्लॅश दोन्ही उचलतायत, आणि कंपन्यांना तिकडं विकण्यात जास्त पैसे आहेत. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ ला जाहीर केलं की क्रुशल या नावानं आपल्यासारख्यांना माल विकणं बंद करणार. एवढा जुना ब्रँड बंद करतायत म्हणजे ही चार दिवसांची तेजी नाही, एवढं मला तरी त्यातनं कळतंय. नवीन कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. म्हणून थांबायचंच असेल तर महिन्यांच्या हिशेबानं थांबायची तयारी ठेवा, "पुढच्या आठवड्यात बघू" यानं काही हाताला लागणार नाही.

कर कमी होईल म्हणून पण थांबू नका. सप्टेंबर २०२५ ला मोठे टीव्ही २८ वरनं १८ टक्क्यांवर आले, एसएसडी आधीपासनं १८ वरच होती आणि तिथंच राहिली.

मेव्हण्याला मी हिशेब असा घालून दिला. धर, सहा महिने थांबलास आणि नशिबानं ८०० रुपये वाचले. तुझी रोज पंधरा मिनिटं लॅपटॉपपुढं वाट बघण्यात जातात, महिन्याला पंचवीस दिवस, सहा महिन्यांत दीडशे दिवस, म्हणजे साडेसदतीस तास. तासाला एकवीस रुपये पडले. एकवीस रुपयात तू एक तास बसशील का? गप्प झाला.

हेच गणित दुसऱ्या गटाला लावलं की उत्तर उलटं येतं. ज्याची एसएसडी चालू आहे आणि फक्त जागा पाहिजे, त्याचा थांबण्यात रोज काहीच वेळ जात नाही, त्यानं खुशाल थांबावं, दोन-तीन मॉडेलं ठरवून दर रविवारी भाव वहीत लिहावा, ऑनलाईनचा एक आणि सांगली-मिरजेतल्या दोन दुकानांचा फोनवर विचारून. वही असली की सेलमध्ये खरोखर उतरलाय का आधी चढवून मग उतरवलाय ते लगेच कळतं. तुलना करताना रुपये भागिले जीबी करा, कधीकधी ५०० ची किंमत २५० पेक्षा थोडीच जास्त असते, तेव्हा लहान घेण्यात शहाणपणा नाही.

घेताना

एक हजार रुपयात २ टीबी, ४ टीबी, १६ टीबी असल्या एसएसडी दिसतात ना, त्या घेऊच नका. आत साधं मेमरी कार्ड असतं आणि खोटा आकडा दाखवायला शिकवलेलं असतं, थोडं भरेपर्यंत चालतं आणि मग आधीच्या फाईली जातात. कुठलीही घेतली तरी विंडोज टाकायच्या आधी एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकटचं सॉफ्टवेअर चालवून पूर्ण भरून बघा, वेळ जातो पण खात्री होते.

खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत टीबीडब्ल्यू नावाचा आकडा असतो, आयुष्यात एकूण किती टेराबाइट लिहून होईल तो. लोक याला उगाच घाबरतात. सॅमसंगच्या ८७० ईव्हीओ ५०० जीबीला ३०० टीबीडब्ल्यू आहे, रोज २० जीबी लिहिलं तरी वर्षाला ७.३ टीबी, म्हणजे चाळीस वर्षांच्या वर. त्यापेक्षा वॉरंटी तीन वर्षं आहे का पाच ते बघा. आतल्या चिपचे टीएलसी आणि क्यूएलसी असे दोन प्रकार दिसतील, एका किमतीत मिळत असतील तर टीएलसी घ्या, क्यूएलसीवर एकदम मोठी फाईल टाकली की मध्येच वेग फार पडतो.

ऑनलाईन का दुकान? शंभर-दोनशेचा फरक असेल तर मी गावातल्या दुकानातनं घेतो, पण जीएसटीचं पक्कं बिल आणि त्यावर सिरीयल नंबर पाहिजे म्हणजे पाहिजे. एकदा मी ओळखीवर कच्च्या चिठ्ठीवर घेतली, सात महिन्यांनी ती बंद पडली आणि वॉरंटीला कागद नाही म्हणून सगळे पैसे गेले. बिलाची शाई वर्षात उडते, फोटो काढून ठेवा.

बदलायच्या दिवशी

हिशेबाचं मशीन असेल तर हे आधी करा. टॅलीच्या डेटा फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घ्या आणि टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे जुन्या डिस्कवरनं सोडवून घ्या, नाहीतर नवीन डिस्कवर चालू करताना अडून बसतं. डीएससी टोकनचा (डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हचा) ड्रायव्हर परत टाकावा लागतो, त्यामुळं जीएसटी रिटर्नच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून घ्या.

जुनी डिस्क तशीच्या तशी क्लोन करता येते, पण पाच-सहा वर्षांचा कचरा असेल तर नवीन विंडोज टाकलेलं बरं. नंतर डीफ्रॅगची (डिस्कवरच्या फाईली जुळवून ठेवणारी) बाहेरची सॉफ्टवेअरं वापरू नका, एसएसडीला जे लागतं ते विंडोज आपोआप करतं.

आणि बॅकअप. हार्डडिस्क निदान टक टक करून सांगते, एसएसडी बऱ्याच वेळा न सांगता एकदम जाते. २०१९ च्या पुरात आणि परत २०२१ ला पेठेतल्या दुकानांत टेबलाखाली ठेवलेले सीपीयू पाण्यात गेले, बॅकअपची डिस्क पण त्याच ड्रॉवरमध्ये. दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा, नाहीतर निदान वरच्या मजल्यावर. ती प्रत हार्डडिस्कवरच ठेवा, एसएसडी वीज न लावता वर्षानुवर्षं कपाटात पडली की तिच्यातला डेटा उडू शकतो.

मेव्हण्यानं शनिवारी ५०० जीबीची अडीच इंची साटा घेतली, मी रविवारी बसवून दिली, जुनी हार्डडिस्क यूएसबी केसमध्ये टाकून दिली. सोमवारी सकाळी नऊला त्याचा मेसेज आला, टॅली उघडलं, चहा अजून यायचाय.